‘किती प्रसन्न उजेड!’

आज सकाळी एका परिचितांनी चिलीचे कलाकार इवान नवारो यांच्या ट्यूबलाइटच्या शिडीसमोर हसत उभे राहून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘किती प्रसन्न उजेड!’ ती शिडी 2005 सालची असून तिच्यावर चिलीच्या लष्करी राजवटीत माणसांचा छळ करणाऱ्यांची नावे आहेत. शेजारी लावलेली माहितीची पाटी वाचण्याइतकाही वेळ यांना नव्हता?

नवारो 1972 साली चिलीच्या राजधानीत, सांतियागोमध्ये जन्मले आणि पुढच्याच वर्षी, 11 सप्टेंबरला, लष्करप्रमुख पिनोशेने निवडून आलेले सरकार उलथवले. त्यानंतर 1990 पर्यंत चाललेल्या त्या राजवटीत अनेक वर्षे संचारबंदी आणि अंधार यांनी माणसे घरात कोंडली गेली, तर छळकेंद्रांत कैद्यांना लोखंडी खाटेला बांधून विजेचे झटके दिले गेले. अशा देशात वाढलेला माणूस तीच वीज हाती घेऊन शिडी उभारतो, तेव्हा तो सजावट करत नसतो, हे आपल्यापैकी कोणाला वेगळे सांगायला नको.

मला त्या राजवटीच्या बळींची आठवण जपणाऱ्या सांतियागोच्या स्मृती संग्रहालयाजवळचे ते तळघर आठवले. चिलीचेच कलाकार आल्फ्रेदो हार यांनी 2010 साली केलेल्या त्या कलाकृतीत पायऱ्या उतरून जावे लागते, दार बंद होते आणि मिनिटभर डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख असतो. आम्ही आत होतो तेव्हा त्या काळोखात कोणाचा तरी मोबाइल उजळला आणि कोणीतरी रागाने ‘श्श’ केले. मग समोरच्या भिंतीवर माणसांच्या डोक्यांच्या आकृती हळूहळू प्रकाशू लागल्या. त्यांत राजवटीने मारलेले होते आणि आज हयात असलेले सामान्य चिलीवासीही. बाजूच्या आरशांमुळे त्या रांगांना अंतच उरला नव्हता. पुन्हा अंधार झाला, तरी त्या आकृती डोळ्यांपुढून हलेनात.

नवारो यांच्या कलाकृती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतही जातात आणि त्या मुद्दाम देखण्या केलेल्या असतात, हे मान्य. पण म्हणून शिडीवरची नावेसुद्धा दिसू नयेत?

परिचितांच्या फोटोखाली मी एक जहाल प्रतिक्रिया लिहिली होती. ती पाठवण्याआधी पुन्हा वाचली आणि ते ‘श्श’ कानात वाजले, कारण तळघरात उजळलेला तो मोबाइल माझा होता. अंधाराची भीती वाटली म्हणून नव्हे (तसे असते तर निदान सांगता तरी आले असते), तर पुढे जे दिसणार होते त्याचा फोटो चुकू नये म्हणून. शेजारी एक वृद्ध बाई उभ्या होत्या. ‘श्श’ त्यांनीच केले असावे. त्या भिंतीवर त्यांच्या घरचे कोणी होते का, हे विचारण्याचे धैर्य मला वर उन्हात आल्यावरही झाले नाही.

मी प्रतिक्रिया खोडली. आता परिचितांना खासगीत एवढेच विचारले आहे, की त्या शिडीवरचे एखादे नाव तुमच्या फोटोत वाचता येते का. अजून उत्तर आलेले नाही.