‘आमचे ऐकत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

माननीय महोदय,

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपला आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर वर्गात प्रशिक्षकाने सांगताच बसतो, पण घरी आपण सांगितले की ढिम्म उभा राहतो; आम्ही चोक चेन (ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी) वापरायला नकार देऊन खाऊवर भर दिला; कुत्रा पंधरा दिवस ठेवून घेऊन ‘तयार करून’ परत देण्याची विनंतीही मान्य केली नाही; सबब संपूर्ण फी परत मिळावी, असा आपल्या लिखाणाचा आशय आहे. हे वाचून इतर पालकही आपापल्या कुत्र्यांविषयी निर्णय घेतील, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रशिक्षकाचे ऐकतो आणि घरच्यांचे ऐकत नाही, हे आपले निरीक्षण अचूक आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘बायोलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातील कुत्र्यांना पाचव्या आणि पुन्हा आठव्या महिन्यात ‘सिट’ ही आज्ञा देऊन पाहिली होती. आठव्या महिन्यात ही कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचे पूर्वीपेक्षा कमी ऐकू लागली, परक्या माणसाचे मात्र अधिक ऐकू लागली. वयात येण्याच्या काळातला हा टप्पा असतो आणि सुमारे वर्षाचे होईपर्यंत तो बहुतांशी ओसरतो. त्यामुळे आपला कुत्रा बिघडला आहे किंवा त्याला आपल्याविषयी प्रेम नाही, असे कृपया मानू नका. याच काळात कंटाळून सराव सोडणारी कुटुंबे मी पाहतो, तेव्हा मनापासून वाईट वाटते, कारण आणखी काही महिने धीर धरला असता तर पुढे दहा-बारा वर्षे सुखाची गेली असती.

या वयाच्या जोडीला सरावातील दोन गोष्टी आहेत, ज्या मी वर्गातही आपल्या निदर्शनास आणून दिल्या होत्या. आपण ‘सिट’ म्हणता, तो बसतो, आपण खिशातील पिशवीची गाठ सोडू लागता आणि खाऊ हाती येईपर्यंत तो उठून आपल्या गुडघ्यावर पंजे ठेवतो; खाऊ त्याच्या तोंडात जातो तो त्या क्षणी. बसल्याबद्दल दिलेले बक्षीस त्याच्या लेखी उडी मारल्याबद्दलचे ठरते. खाऊचा हरभऱ्याएवढा तुकडा आधीच मुठीत असावा आणि बूड जमिनीला टेकताक्षणी तो मिळावा. दुसरी गोष्ट ‘ये’ या हाकेची. आपण ती वर्ग संपल्यावर गाडीत बसवायला किंवा घरी आंघोळ घालायला मारता. हाकेला धावून गेले की खेळ संपतो, हे चार-सहा वेळा अनुभवल्यावर कोणताही शहाणा कुत्रा अंतर राखूनच उभा राहील. दहा वेळा बोलवावे, त्यांपैकी आठ-नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडावे. हाक पक्की होईपर्यंत मोकळे सोडू नये, लांब दोरी बांधलेली असावी. शिवाय मैदानावर शिकलेली आज्ञा सोसायटीच्या लिफ्टमध्ये किंवा समोर मांजर बसलेल्या पार्किंगमध्ये आपोआप लागू होत नाही. ती प्रत्येक ठिकाणी नव्याने, सोप्यापासून सुरू करून शिकवावी लागते.

चोक चेनबाबत आमची भूमिका बदलणार नाही. ओढ बसली की ती श्वासनलिकेवर दाब आणते. त्याहून मोठा तोटा असा की, गल्लीतले दुसरे कुत्रे दिसताच मानेला कळ येऊ लागली, तर तो त्या कळेचा संबंध समोरच्या कुत्र्याशी जोडतो आणि भुंकणे वाढते. अमेरिकेतील प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीचीच शिफारस केली आहे. ‘घरचा मालक कोण ते त्याला दाखवून द्या’ हा शेजाऱ्यांचा सल्ला आपण उद्धृत केला आहे. कळपात एक जण बाकीच्यांवर वर्चस्व गाजवतो ही त्यामागची कल्पना बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले. खाऊ कायम द्यावा लागत नाही. सवय बसली की तो अधूनमधून, अनपेक्षितपणे द्यायचा. मात्र आपल्या आई लाडवातले बेदाणे काढून त्याला देतात असे आपण लिहिले आहे, ते आजच थांबवावे. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पंधरा दिवस ठेवून घेण्याची सोय आम्ही जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. आमच्याकडे राहून तो आमचे आणखी ऐकू लागेल, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. उरलेल्या सत्रांची फी आपण सांगाल तेव्हा परत करू. झालेल्या सत्रांची फी परत होत नाही, हे प्रवेश अर्जावर नमूद आहे.

तरीही माझी विनंती आहे की, उरलेली सत्रे सोडू नयेत. ती सहकारनगरच्या मैदानाऐवजी आपल्या सोसायटीत घेऊ, त्यासाठी जादा शुल्क नाही. आपल्या आईंनाही सोबत घ्यावे, कारण दिवसभर त्याच्याजवळ त्याच असतात. छातीशी कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा), लांब दोरी आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे तयार ठेवावेत, आणि सकाळचे जेवण त्याला सत्र संपल्यावरच द्यावे.

आपला,
संचालक, श्वान प्रशिक्षण वर्ग, सहकारनगर, पुणे