असू दे, लागलं तर!

शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली की मी दिवाणावर एक जुनी चादर अंथरतो आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशीच्या सायकलफेरीची हत्यारे मांडून ठेवतो. लग्नघरी रुखवत मांडावे तशी ही मांडामांड असते. फरक इतकाच, की रुखवत पाहुण्यांनी डोळे भरून पाहिले की त्याचे काम संपते, आणि माझ्या चादरीवरची प्रत्येक वस्तू मात्र पहाटे साडेपाचच्या आत सीटखाली लटकणाऱ्या एका नारळाएवढ्या पिशवीत शिरायची असते. पुण्याजवळ बोपगावला कानिफनाथांच्या मंदिरात गाभाऱ्यात जाण्याची वाट इतकी अरुंद आहे, की भक्ताला अंग चोरून, सरपटत आत शिरावे लागते. माझ्या पिशवीच्या चेनचे तोंडही त्याच धर्तीचे आहे. पण देवाच्या दारी माणूस जो नम्रपणा दाखवतो तो नम्रपणा सायकलची चेन तोडण्याचे यंत्र दाखवत नाही.

"अहो, सायकल चालवायला निघालात की दुकान थाटायला?" असे सौभाग्यवतींनी विचारण्याचाही एक ठरलेला मुहूर्त आहे आणि तो सहसा मी ट्यूबची तिसरी घडी घालत असतानाच येतो.

वास्तविक यात माझा दोष नाही. डोंगरात सायकल घालणे आणि ती दुरुस्त करणे या दोन गोष्टी जन्मापासून एकमेकींना चिकटलेल्या आहेत. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या एका उतारावर १९७६ साली काही उत्साही तरुणांनी जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या, तेव्हा तो उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला, ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस वितळून धूर होऊन जाई आणि हब उघडून त्यात ग्रीस पुन्हा नव्याने भरावे लागे. त्या भरण्यावरूनच त्या उताराला 'रिपॅक' हे नाव पडले. ज्या खेळाचे बारसेच असे दुरुस्तीच्या कामावरून झाले, तो खेळ रिकाम्या हाताने खेळायचा असे म्हणणे म्हणजे पत्रावळ न घेता वनभोजनाला जाण्यासारखे आहे.

शिवाय आमच्या घराण्याचा एक संस्कार आहे. मुंबईला दोन दिवस जायचे असले तरी आई सामानात सुतळीचा तुकडा, फळे कापायची सुरी, ओव्याची पुडी आणि एक रिकामी पिशवी टाकायचीच, आणि कोणी हरकत घेतली की शांतपणे म्हणायची, "असू दे, लागलं तर." या चार शब्दांना उत्तर नाही. लागणार नाही असे सिद्ध करता येत नाही आणि लागले तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. मी जेव्हा सायकल घेतली तेव्हा हा संस्कार माझ्या पाठीवर बसला, आणि तोही अक्षरशः, कारण पहिले वर्षभर मी सगळा जामानिमा पाठीवरच्या सॅकमध्ये वाहत होतो. दोन ट्यूब, पंप, स्क्रू पाना, पकड, ब्रेकची पॅडे, गिअरची केबल, तेलाची बाटली, चिंध्या आणि या सर्वांचे संरक्षण करण्यासाठी एक टॉवेल. एकदा रद्दीवाल्याच्या काट्याला ती सॅक अडकवली तेव्हा काटा साडेचार किलोवर स्थिरावला आणि रद्दीवाल्याने सवयीने हिशेबही सुरू केला.

मे महिन्यात ती सॅक पाठीवर घेऊन बोपदेव घाट चढताना पाठीवर जे काही वाहत असे त्याला घाम म्हणणे हा घामाचा अपमान होय. तरीही मी ती वाहिली असती. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, की त्या वर्षात माझ्या स्वतःच्या सायकलीला त्यातली एकही वस्तू लागली नाही. लागली ती इतरांना. आमच्या चमूतल्या सहा जणांनी हत्यारे बाळगणेच सोडून दिले होते, कारण "त्यांच्याकडे असतंच की." मी धर्मादाय दवाखाना झालो होतो, आणि रुग्ण माझ्यापुढे मैलभर हलकेफुलके पळत असत.

तेव्हा मी आटोपशीरपणाच्या नादी लागलो. हा नाद व्यसनासारखाच असतो. आधी हौस, मग खर्च आणि शेवटी घरात खोटे बोलणे.

पहिली आली ती सीटखालची पिशवी. तिच्यात हत्यारे मावली. पण दगडधोंड्यांवरून उतरताना आतून असा आवाज येऊ लागला, की पुढचे सायकलस्वार मागे भांडीवाली आली असे समजून बाजूला होत. म्हणून प्रत्येक हत्यार जुन्या मोज्यात गुंडाळले, तेव्हा आवाज थांबला आणि पिशवी बंद होणेही थांबले. मोजे काढून सायकलच्या फाटक्या ट्यूबचे रिंगणासारखे तुकडे कापले आणि त्या रबरांनी सगळे एकत्र आवळले, हा मात्र उत्तम उपाय ठरला. तो मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. पुढे उतारावर सीट खाली घेण्याची सोय असलेला दांडा बसवला, तेव्हा कळले की सीटबरोबर पिशवीही खाली येते आणि मागचा टायर तिला कानशीसारखा घासत राहतो. पिशवीच्या तळाला भोक पडून टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे चिमटे कुठल्या उतारावर सांडले ते त्या डोंगरालाच ठाऊक.

मग ट्यूब पट्ट्याने फ्रेमला बांधली. २९ इंची चाकाची ट्यूब सुमारे २०० ग्रॅम भरते, म्हणजे दोन केळ्यांएवढी. तेवढी केळी मी खुशाल वाहतो, तेव्हा ट्यूबची तक्रार नव्हती. तक्रार पावसाळ्याची होती. फ्रेमच्या त्या जागी पुढच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका येऊन बसतो, आणि ऑगस्ट उलटला तेव्हा ट्यूब आणि पट्टा यांचे मिळून एक वारूळ तयार झाले होते. बाटलीच्या जाळीत बसणारा हत्यारांचा डबाही आणून पाहिला, पण मग पाणी कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, आणि सिंहगडाच्या वाटेवर तहानेने जीव कासावीस झालेल्या माणसाला डब्यातला पाना चोखता येत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे चोरकप्पे. हल्ली हँडलच्या दोन्ही टोकांत, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीत, किंबहुना सायकल जिथे जिथे पोकळ आहे तिथे तिथे हत्यारे दडवण्याची सोय विकत मिळते, आणि तिची किंमत ऐकून आपले खिसेही तितकेच पोकळ होतात. माझ्या आजीच्या शिसवी कपाटाला असाच एक चोरकप्पा होता. त्यात तिने काय ठेवले आहे ते चोराला कधी कळले नाही आणि शेवटी शेवटी आजीलाही आठवेना. माझेही तेच झाले. चेन तुटल्यावर मी हँडलची दोन्ही बुचे उपसून पाहिली, सीट उपसून पाहिली, आणि घरी परतल्यावर उलगडा झाला, की चेन तोडण्याचे यंत्र फोर्कच्या नळीत माझ्या नाकापासून दीड वितीवर अख्खा वेळ बसून होते.

खरे सांगायचे तर लागणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात. घडीच्या हत्याराला सतरा पाती असली तरी चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या षट्कोनी ॲलन की आणि डिस्क ब्रेकच्या बोल्टांसाठी चांदणीच्या टोकाचे टी-२५, एवढ्यांवर नव्वद टक्के संसार चालतो, असा माझा अनुभव आहे. बाकीची पाती मामेसासऱ्यांसारखी मानासाठी बोलावलेली असतात. चेनचा जोडदुवा मात्र आपल्याच गिअरांच्या संख्येला जुळणारा हवा. अकराचा बाराला चालत नाही, सोयरीक जमतच नाही. चेनला एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर फ्यूजच्या तारेसारखा मुद्दाम नरम केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो मोडतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळ्या घडणीचा, त्यामुळे दुसऱ्याकडून उसना मागायचीही सोय नाही. टायर कडेने फाटला तर आतून दहाची नोट घडी करून लावली की ट्यूब बाहेर डोकावत नाही, हा जुना तोडगा खरोखर चालतो. एवढेच, की चहाचे दहा रुपयेसुद्धा मोबाईलवरून देणाऱ्या माणसाच्या खिशात नोट असेलच असे नाही, आणि क्यूआर कोड टायरात घालता येत नाही.

हे सगळे ज्ञान पचवून मी शेवटी एक नारळाएवढी, रेखीव, न वाजणारी, न घासणारी पिशवी सिद्ध केली. पंपसुद्धा वगळला, त्याच्या जागी करंगळीएवढे १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे घेतले. व्हॉल्व्हवरची प्लॅस्टिकची इवलीशी टोपणे निरुपयोगी वजन म्हणून फेकून दिली. आणि पातळ व्हॉल्व्हला मोटारीत हवा भरायची नळी बसावी म्हणून जी पितळेची बोंडाएवढी टोपी मिळते, ती कुठेतरी अगदी नक्की सापडेल अशा जागी ठेवली.

पुढे एका रविवारी बोपगावच्या पठारावरून गराडे गावाच्या बाजूला उतरताना मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. माझे टायर बिनट्यूबचे आहेत आणि त्यांत जो दुधासारखा द्रव घालतात तो असली भोके आपोआप बुजवतो. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दोन-तीन महिन्यांत सुकतो. माझा सुकून त्याची साय झाली होती. हरकत नाही, म्हणून मी टायर काढला, आतून बोट फिरवून काट्याचे टोक शोधले (ते बोटानेच सापडले, आणि बोटातच सापडले), ट्यूब बसवली आणि ऐटीत नळकांडे फोडले. एका फुसकाऱ्यात टायर फुगला, नळकांडे कुल्फीसारखे गार पडून हातमोज्याला चिकटले आणि दुसऱ्या फुसकाऱ्यात टायर बसला. पिशवीत इतक्या आटोपशीरपणे आवळलेल्या ट्यूबला चेन तोडण्याच्या यंत्राच्या टोकाने आठवडाभर गुदगुल्या केल्या होत्या. ठिगळांचे पाकीट होते; सोल्यूशनची ट्यूब मात्र एकदा उघडून ठेवल्यामुळे आतून दगड झाली होती. दुसरे नळकांडे नव्हते, पंप घरी होता, आणि चमू पुढे निघून गेला होता.

डांबरी रस्त्यापर्यंतची तीन-साडेतीन किलोमीटरची पायपीट करताना मी युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूची आठवण काढून धीर धरला. १९१३ च्या 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीत तुर्माले घाटात त्याचा फोर्क मोडला, तेव्हा तो सायकल उचलून मैलोगणती चालत सेंत मारी द कांपाँ या गावी गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने फोर्क जोडला, कारण परक्याची मदत घ्यायची नाही असा नियम होता. भाता एका पोराने हलवला, एवढ्यासाठी पंचांनी त्याला वेळेचा दंड ठोठावला. माझ्यावर नियमाचे बंधन नव्हते. मी कोणाचीही मदत घ्यायला तयार होतो, पण वाटेत भेटल्या त्या फक्त शेळ्या.

रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडली आणि पाच मिनिटांत ठिगळ लावले. मग त्याने कॉम्प्रेसरची नळी व्हॉल्व्हला लावून पाहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "सायेब, हिला तर तोंडच न्हाई."

मी पितळी टोपीसाठी पिशवी त्याच्या बाकड्यावर उपडी केली. सगळे काही निघाले. टोपी तेवढी निघाली नाही. प्लॅस्टिकच्या टोपणाचा शेंडा कापून ते उलटे बसवले तर त्याचीच अशी टोपी होते हे मला माहीत होते. पण टोपणे मी वजन कमी करण्याच्या मोहिमेत फेकली होती. दोन्ही मिळून त्यांचे वजन एका बडीशेपेच्या चिमटीएवढे भरले असते.

शेवटी त्याने आत जाऊन, वडील ज्या सायकलीवरून दूध घालत त्या सायकलीचा पायाने दाबून धरायचा जुना पंप आणला. त्याचे तोंड माझ्या विलायती व्हॉल्व्हवर जन्मजन्मांतरीची ओळख असल्यासारखे बसले. मी हवा भरत असताना तो बाकड्यावरच्या माझ्या रुखवताकडे निरखून पाहत होता. "ह्यात ती पाचाची षट्कोनी हाय का?" त्याने विचारले. त्याच्या पोराच्या नव्या सायकलीची सीट दोन आठवडे खाली घसरत होती आणि तिचा बोल्ट कुठल्याच पान्याला दाद देत नव्हता. मी ॲलन की काढली, सीट आवळून दिली, पोराने चक्कर मारून खात्री केली, आणि आमचा हिशेब फिटला. त्या सबंध दिवसात माझ्या हत्यारांपैकी कामी आले ते एवढेच, आणि तेही दुसऱ्याच्या सायकलीला.

घरी पोचलो तेव्हा सौभाग्यवती देव घासायला बसल्या होत्या. ताम्हन, निरांजन, घंटा अशी चिंचेने लखलखीत झालेली पितळेची भांडी कापडावर ओळीने पालथी मांडलेली होती आणि त्या ओळीच्या शेवटी माझी टोपी होती.

"अहो, ही समईची कुठली हो?" त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले घासतेय, पण बसत कुठेच नाही. म्हटलं, असू दे, लागली तर."