शाळेत दोन ड्रम ठेवा

इंदूरच्या मुलांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. गाडी आली की पाच वर्षांचं पोरही बरोबर कप्प्यात टाकतं. पण पुढे त्याचं काय होतं, असं विचारा. "गाडी घेऊन जाते," इथेच उत्तर थांबतं. शहराजवळच्या देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करू शकणारा प्रकल्प आहे, त्याचा अभिमान आहेच. तरी कुजण्याची क्रिया मुलांनी डोळ्यांनी पाहायला हवी, म्हणून जेवणाच्या डब्यातलं उरलंसुरलं शाळेतच जिरवून त्याचं खत करावं, असं माझं ठाम मत आहे.

२०० लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम घ्या. एक भरायला, दुसरा पिकायला. बाजूंना वीतभर अंतरावर बोटाएवढी भोकं पाडा, तळालाही चार-पाच. ड्रम विटांवर ठेवा, तळाशी काड्यांचा वीतभर थर द्या. मग एक बादली ओला कचरा, दोन बादल्या पालापाचोळा, मूठभर जुनं खत. दर चार दिवसांनी काठीनं खालवर करा. मूठ आवळल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. ड्रम भरला की साधारण दोन महिन्यांत खत होतं.

बिघडतं ते बहुतेक पोह्यांमुळे! तेलकट पोहे, साबुदाणा यांचा गोळा होतो, आत हवा जात नाही आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ते फोडून, पाचोळ्यात घोळवूनच टाका. नाकाला झोंबणारा वास आला तर पाचोळा कमी पडलाय. मुंग्या झाल्या तर आतलं कोरडं पडलंय. पांढरी बुरशी मात्र चांगली, तिला बघून कुणी ड्रम रिकामा करू नये.

खरी मेख पाचोळ्याची आहे. कडुलिंब, पिंपळ यांची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि नेमकी तेव्हाच पानं झाडून जाळली जातात. मग पावसाळ्यात ड्रम चिखल होतो, कारण कोरडं काही उरलेलंच नसतं. तेव्हा पानगळीतच दहा-बारा पोती भरून छपराखाली ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत नवं काही टाकू नका, ड्रमवर ओलं गोणपाट घाला आणि आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायला कुणाला तरी नेमा.

आणि हे काम शाळेतल्या मावशींवर ढकलू नका. सहावी-सातवीच्या मुलांनी ताणकाट्यावर रोजचं उरलेलं तोलून वर्गाच्या फळ्यावर लिहावं. पालकांनो, आकडा वाढला तर डब्यात एक पोळी कमी द्या.