अपील काढून टाकण्याआधी रेकॉर्ड तरी वाचा

फौजदारी अपील 'वकील गैरहजर' किंवा '(अपिलाच्या कागदपत्रांतल्या) त्रुटी दूर केल्या नाहीत' म्हणून निकाली निघालं, असं कानावर आलं की फार अस्वस्थ व्हायला होतं. दिवाणी दाव्यात पुकारा झाला, कोणी उभं राहिलं नाही, दावा काढून टाकला, हे एक वेळ समजू शकतं. पण जन्मठेप झालेल्या माणसाचं अपील असं गेलं, तर त्याच्याविरुद्धचा पुरावा दुसऱ्यांदा कोणी वाचतच नाही.

आणि आपल्याकडे कायदा याबाबत स्पष्ट आहे. बनी सिंग खटल्यात वकील आले नाहीत म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपील काढून टाकलं होतं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. अपील एकदा सुनावणीला घेतलं की रेकॉर्ड, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, वाचायचं आणि गुणदोषांवरच निकाल द्यायचा. वकील आला नाही म्हणून तारीख दिलीच पाहिजे असंही नाही. मात्र आरोपी तुरुंगात असेल तर पुढची तारीख द्यावी, आणि कोर्टाला गरज वाटली तर सरकारी खर्चाने वकीलही नेमता येतो. मला हा निकाल पटतो, कारण यात फिर्यादीच्या घरच्यांनाही वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलेलं नाही.

तरीही तेच घडत राहतं. आरोपी फरार आहे म्हणून पाटणा उच्च न्यायालयाने गुणदोषांत न शिरता अपील फेटाळलं, ते प्रकरण धनंजय राय यांचं. २०२२ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ते पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवलं. फरार आरोपीबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. त्याचा जामीन रद्द करा, त्याला पकडून आणा. पण पळून गेला म्हणून खून त्यानेच केला, हे सिद्ध होत नाही.

माझा खरा राग मात्र याच्याही आधीच्या टप्प्यावर आहे, जिथे अपील कोर्टापर्यंत पोचतच नाही. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण आपल्याच इथलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर १९७३ चा. शिक्षा वाढवून तीन वर्षं केलेली. निकालाची मोफत प्रत कोर्टाने येरवड्याच्या तुरुंग अधीक्षकांकडे धाडली. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. मिळाल्याची त्याची सही रेकॉर्डवर कुठेच नव्हती. तो सुप्रीम कोर्टात पोचला तेव्हा सुमारे चार वर्षं उलटली होती आणि शिक्षा पूर्ण भोगून झाली होती! त्याची याचिका फेटाळलीच गेली, पण १९७८ च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी घालून दिलं: निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि लगेच द्या, त्याची लेखी पोच घ्या, ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील द्या.

त्यानंतर इतकी वर्षं झाली. लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या कामात आजही नातेवाईक भेटतात, हातात प्लास्टिकची पिशवी, आत चुरगळलेले कागद. निकाल पुष्कळदा इंग्रजीत असतो. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३०च दिवस, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आधीच्या वकिलाने फी घेतलेली असते आणि तो फोन उचलत नाही. या सगळ्याची शिक्षा बराकीत बसलेल्या माणसाने का भोगायची? त्याला रजिस्ट्रीचं (कोर्टाच्या कार्यालयाचं) ऑब्जेक्शन, म्हणजे दाखवलेली त्रुटी, काय ते कळत नाही, ते दूर करायला तो बाहेरही येऊ शकत नाही. नियम असावेत, त्यावाचून कोर्ट चालणार नाही. पण कैद्याच्या अपिलात त्रुटी निघाली तर ती थेट मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, दूर करून घ्या, आणि मगच पुढचा आदेश करा. एवढं व्हायलाच हवं.

कोणाच्या घरात, गावात अशी वेळ आली असेल तर मुदत उलटली म्हणून हातपाय गाळू नका. विलंब माफीचा अर्ज करता येतो. सही-शिक्क्याची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. कैदी स्वतः तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.