वेधशाळेला हसण्यापूर्वी

आज रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट होता, शाळा बंद होत्या आणि आमच्या श्रीवर्धनला भर दुपारी लख्ख ऊन पडले होते. टपरीवर मंडळी वेधशाळेची यथेच्छ टिंगल करत होती. एरवी मीही त्यात पुढे असतो. आज मात्र चहा अर्धा टाकून उठलो.

३ जून २०२० विसरलात का? निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढण्याच्या आदल्या संध्याकाळी आमची आत्या ‘अशी वादळे पुष्कळ पाहिली’ म्हणत ओटीवर ठाण मांडून बसली होती. दिवस कोरोनाचे, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचीही भीती. तरी तिला जवळजवळ ओढतच शेजारच्या स्लॅबच्या घरात नेले. दुसऱ्या दिवशी तिच्या माजघरावर आढे कोसळले आणि वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या. अंदाज आला नसता, तर आम्ही तिला हलवलेच नसते.

शिवाय रायगड म्हणजे काय फक्त आपला समुद्रकिनारा? माथेरानचा डोंगरही त्याच जिल्ह्यात येतो. तिकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि इकडे ऊन पडले, तरी जिल्ह्याचा अंदाज खोटा ठरत नाही.

पण हे मी टपरीवर का समजावून सांगायचे? प्रत्येक चक्रीवादळानंतर हवामान खाते अहवाल काढते; मार्ग किती किलोमीटरने चुकला, किनाऱ्यावर येण्याची वेळ किती तासांनी चुकली, हे त्यात असते. ते हवेच. मात्र आत्याने त्या संध्याकाळी विचारले होते, ‘वारा किती वाजता सुटेल आणि माझी कौले टिकतील का?’ तिला वेळेवर आणि तिला समजेल अशा शब्दांत उत्तर मिळाले का, याची मोजणी कोण करते? किती रेड अलर्ट कोणत्या तालुक्यात कोरडे गेले, हे पावसाळा संपल्यावर गावात येऊन कोणी सांगितल्याचे मला तरी आठवत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस नेमका कोठे कोसळेल हे आदल्या दिवशी सांगणे अवघड आहे, हे मान्य. म्हणून हिशेबच द्यायचा नाही?

असो. घरी आलो, तर आत्या औषधे, चष्मा आणि घराची कागदपत्रे पिशवीत भरून ओटीवर तयार बसलेली. २०२१ च्या तौक्ते वादळापासून तिला ओढावे लागत नाही. अंगणातल्या उन्हाकडे पाहत तिने विचारले, ‘मग, सोडू का रे आता पिशवी?’

रात्रीपर्यंत राहू दे, म्हटले.