कूलंटची गळती, उतरवलेलं हेड आणि आमची चूक: ताईंच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की रेडिएटरची गळती काढायला गाडी दिली, न विचारता इंजिन खोललं, २८,४०० रुपये घेतले, आणि आठ दिवसांत गाडीखाली पुन्हा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. वर आमच्या पोराने सांगितलं, "थोडं थोडं टाकत राहा." हे शेवटचं वाक्य वाचून मला लाज वाटली. कूलंट काही पेट्रोलसारखं संपत नाही, कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय. मी त्या दिवशी नव्हतो, पण गॅरेज माझं आहे. माफ करा.

हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग, मात्र उगाच उतरवलं नाही. गाडी खंबाटकी घाट चढताना तापली, काटा लालमध्ये गेला, मग आपोआप खाली आला म्हणून तुमचे भाऊ सुरूरपर्यंत चालवत आले. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण काटा दाखवतो तो सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेलं की त्याला नीट तापमान कळत नाही, काटा उतरतो आणि इंजिन आतून भाजत राहतं. रेडिएटर फुटलं की नुसतं पाणी जात नाही, दाबही जातो, आणि दाब गेला की उरलेलं कूलंट लवकर उकळतं. तुमच्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मधल्या मधे दोघांमधली फट बंद ठेवणारं गॅस्केट मरतं.

रेडिएटर बदलून गाडी गार असताना चालू केली, तर पहिल्याच मिनिटात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. तपासणीचं निळं औषध पिवळं झालं, म्हणजे सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये येत होता. हेड उतरवून त्यावर पट्टी ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे ०.१५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) आरपार गेलं, म्हणजे हेड वाकलं होतं. या इंजिनाला ०.०५ च्या वर चालत नाही. नुसतं रेडिएटर बदलून गाडी दिली असती तर ती पुढच्या घाटात कायमची बसली असती. हेड एमआयडीसीत फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, तडा नाही हे बघून, नवं गॅस्केट आणि नवे बोल्ट घालून बसवलं. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून जुने परत वापरत नाही.

विचारण्याबद्दल सांगतो. जॉब कार्डवर भावांचा नंबर होता, त्यांना फोन केला, त्यांनी हो म्हटलं. तरी गाडी तुमची आणि पैसे तुमचे. आकडा लेखी तुमच्यापर्यंत जायला हवा होता, तो गेला नाही. आता मालकाच्या लेखी होकाराशिवाय हेडला पाना लागणार नाही, असं पोरांना सांगितलंय.

आता नवी गळती. तुमच्या फोटोत डाग गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, रेडिएटरखाली नाही. गाडी उचलल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण माझा संशय थर्मोस्टॅटच्या (कूलंट सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेच्या) प्लास्टिकच्या हाउसिंगवर, म्हणजे घरावर आहे. एवढ्या उष्णतेनंतर ते ठिसूळ होतं आणि केसाएवढी चीर गरम झाल्यावरच उघडते. आम्ही प्रेशर टेस्ट गार गाडीवर केली, दाब अर्धा तास टिकला, आणि संध्याकाळी गाडी देऊन टाकली. गाडी फिरवून, रात्रभर गार करून सकाळी परत बघायला हवं होतं. हेड उतरलेलं असताना ते हाउसिंग बदलणंही आमच्या डोक्यात यायला हवं होतं. ही चूक पूर्ण आमची.

तोवर गाडी चालवू नका. गरम असताना झाकण उघडू नका. गळती बुजवायची पावडर कुणी दिली तरी टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्या बुजवते. मी टो व्हॅन पाठवतो, तिचं भाडं, पार्ट, कूलंट आणि मजुरी आमच्याकडे. तुमचं जुनं गॅस्केट आणि बोल्ट पिशवीत बांधून ठेवलेत. तुम्ही स्वतः या, हेडवर पट्टी ठेवल्याचे फोटोही दाखवतो. जॉब कार्डवर भावांचाच नंबर आहे, त्यावर आज संध्याकाळी फोन करतोय, पण या वेळी तुमच्याशीच बोलायचं आहे.