तारांबळ

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अलीकडे सादळलेल्या पापडासारखा येऊ लागला होता. दोष बोटांचा असणं शक्यच नव्हतं (ती माझी आहेत), म्हणून संशय तारांवर गेला. डोंबिवलीचा दमटपणा आणि माझ्या हातांचा घाम, दोघांनी मिळून आठ महिन्यांत तारांचे पार जुने खिळे करून टाकले होते.

दुकानातल्या पोरानं विचारलं, "कितीच्या देऊ, काका?"

"पाचशेपर्यंत बघ."

तो जाडी विचारत होता. नऊची की दहाची? सगळ्यात बारीक तार इंचाचे किती हजारांश, यावरून सेट ओळखतात. नऊ म्हणजे पाव मिलिमीटरसुद्धा नाही. अमेरिकन गिटारवाल्यांतला स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा वाजवायचा, बिली गिबन्स सातच्या वाजवतो, आणि आवाज दोघांचाही दणदणीत. एवढ्यावरून मी शहाणं व्हायला हवं होतं. मी नऊचे तीन सेट घेऊन आलो: गुलाबी पाकिटातला एर्नी बॉल, रंगीत मण्यांचा डॅडारिओ आणि एलिक्सर. एलिक्सरच्या तारांवर अतिपातळ आवरण असतं, आणि त्या बनवते गोअर-टेक्सचं जलरोधक कापड काढणारी कंपनी. थोडक्यात, तारांना रेनकोट. किंमतही रेनकोटाचीच.

गिटारवर आधी दहाच्या होत्या, हे घरी आल्यावर आठवलं. माझा ब्रिज, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती पट्टी, तरंगता. पुढून तारा ओढतात, पाठीमागून स्प्रिंगा. ताण बदलला की सगळंच बिनसतं. एक तार चढवली की उरलेल्या पाच उतरतात. एकत्र कुटुंबच ते. थोरल्याची समजूत काढावी तर धाकटी रुसून बसते.

त्यात मोबाइलवरचा ट्यूनर. काटा वर चढेना. मी पिळत राहिलो. काटा उलट खालीच. वाजवतोय दुसरी तार आणि पिळतोय पहिलीची खुंटी, हा उलगडा झाला तो 'टिंग' करून तार हनुवटीला चाटून गेल्यावर.

आतून आई म्हणाली, "काय फुटलं रे?"

"तार तुटली."

"मग ठीक. मला वाटलं कपबशी."

तीन आठवडे मी वहीत नोंदी केल्या. पहिला सेट: 'उजळ.' दुसरा: 'उजळ, पण निराळा उजळ.' आठ महिन्यांच्या गंजानंतर कपडे वाळत घालायची तारसुद्धा उजळच वाजली असती, हे तेव्हा सुचलं नाही. तिसरा सेट रेनकोटवाला. तो लावला आणि अंगावर काटा आला. मऊ, गोल, मधात बुडवून काढलेला सूर! बायकोला हातातलं पीठ तसंच ठेवून यायला लावलं.

तिनं दोन मिनिटं ऐकलं. "छान आहे. ही दांडी काल खाली होती ना रे?"

पुसताना फडक्यानं पिकअपचा (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांचा) स्विच वर, मानेकडच्या, मुळातच मऊ वाजणाऱ्या पिकअपवर सरकला होता.

मी ती नोंद खोडली नाही. फक्त कंसात 'स्विच' असं बारीक अक्षरात लिहिलं.

सहाव्या तारेचं कापून उरलेलं शेपूट आईनं केरातून उचललं आणि त्यानं मनी प्लँट ग्रिलला बांधला. रेनकोटवालीचंच आहे ते. बाहेर धो धो कोसळतोय, अजून गंजलेलं नाही. मी रोज बघतो.